कामाचा हात

कापसाचा बोळा हातावर टेकला न टेकला तोच बाई ओरडली आणि तिनं हात छातीशी ओढून घेतला. मग मी टाचणी काढली. त्याच हाताच्या तर्जनीला, अगदी टोकाशी, चांगली टोचली. बाई गप्प.

"टोचतंय का?"

"कुटं काय?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. टाचणीकडे तिचं लक्षच नव्हतं.

कापूस लागला तर बोंब, आणि टाचणी टोचली तर पत्ता नाही. मी तेव्हा नुकताच एम.एस. होऊन हाडांच्या विभागात लागलो होतो. वय एकोणतीस. राग नाकाच्या शेंड्यावर आणि अक्कल पुस्तकातली. मनात म्हटलं, ही बाई नाटक करतेय.

साल त्र्याहत्तर, दुष्काळाचा उन्हाळा. सांगलीतलं हॉस्पिटल. त्याचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती, हॉस्पिटलची नव्हती. त्या वर्षी आमच्या ओपीडीत पूर्वेकडच्या बाया फार यायच्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलेल्या. कुणाच्या डोळ्यात कपची उडालेली, कुणाचं बोट हातोडीखाली आलेलं. ही शेवंता त्यातलीच. माण तालुक्यातली, चोवीस-पंचवीस वर्षांची. नवरा फौजेत, तिकडं वर बर्फात पोस्टिंगला. बरोबर सासू. सासूच्या कडेवर शेवंताचं आठ महिन्यांचं पोर.

तक्रार ऐकायला सोपी होती. उजव्या हाताला मुंग्या. रात्री जास्त. झोपेतून उठून हात झाडत बसायचं, मग जरा बरं. हातातून वस्तू पडायच्या. आधी तांब्या पडला, मग परात पडली. मग एक दिवस पोर निसटलं.

"वाकळंवर पडलं म्हून वाचलं," सासू म्हणाली. "तवापास्नं मी तिच्या हातात देत न्हाई. पाजायचं झालं तरी मीच धरून बसती. आता शिराळ्याला लेक दिलीया माझी, तिच्याकडं ठिवावं म्हंतीया पोराला. हिचा हात काय खरा न्हाई."

शेवंता खाली बघत होती. सासू बाहेर गेल्यावर एवढंच म्हणाली, "डाक्टर, मला जास्त काय नगं. लेकरू धरता यील एवडा हात द्या."

आता आमच्या धंद्यातलं थोडं सांगतो. तळहाताच्या बाजूला, मनगटाच्या आत एक अरुंद बोळ असतो. खाली हाडांची कमान, वर चिवट पट्ट्याचं छत. या बोळातून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्या अंगाला अंग लावून एक नस जाते. रक्ताची नव्हे, मज्जेची. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग, एवढ्यांचा स्पर्श ही नस डोक्याकडे पोचवते. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसाचा उंचवटा असतो, त्यालाही चालवते. हात सतत आपटत राहिला, दोऱ्या सुजल्या, की बोळात दाटी होते आणि सगळ्यांत मऊ असलेली नस चेंगरते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. बाळंतपणाच्या आगेमागे बायकांना तो जास्त होतो. अंगावर पाजत खडी फोडणाऱ्या बाईला नाही होणार तर कुणाला?

हे सगळं मला पाठ होतं. पहिल्या दिवशी मनात आलंही होतं. पण बाईचं दुखणं पुस्तकातल्या नकाशात बसेना. नकाशाप्रमाणे साडेतीन बोटं दुखायला हवीत. हिचं कोपर दुखत होतं, खांदा दुखत होता, मान दुखत होती. पदर घासला तरी दंडाला आग व्हायची. पुढं पुढं तर डावा हातही दुखतो म्हणायला लागली. आणि वर तो कापूस. मी तिला बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं दिली, दुखण्याच्या गोळ्या दिल्या. दर आठवड्याला बाई आपली एसटीनं धक्के खात यायची आणि दर वेळी दुखणं एक वीत पुढं सरकलेलं असायचं. असे सहा आठवडे गेले.

शेवटी तिला वॉर्डात ठेवून घेतलं आणि आमच्या चीफना दाखवलं. चीफ म्हणजे दरारा. आम्हा पोरांना ते 'महाराज' म्हणायचे, आणि ती काही मानाची पदवी नव्हती.

"महाराज, नस कुठली?"

"सर, मीडियन वाटली होती. पण दुखणं मानेपर्यंत जातं. डाव्या हातालाही आहे. कापूस लावला की ओरडते, टाचणी कळत नाही."

चीफनी स्वतः कापूस लावला. ती ओरडली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "फंक्शनल." म्हणजे दुखणं शरीराचं नव्हे, मनाचं. साध्या भाषेत, नाटक. "दोन आठवडे प्लास्टरची पट्टी लावा मनगटाला. फरक पडला तर ठीक. नाही तर पुण्याला मनोविकारवाल्यांकडे पाठवा."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझं आणि चीफचं मत एक झालं होतं.

प्लास्टर लावायचं तर मनगट मोकळं हवं. शेवंताच्या दोन्ही हातांत डझन-डझन हिरव्या बांगड्या. आतापर्यंत मी त्या नुसत्या कोपराकडे सारून तपासत होतो. पलीकडे दोन फ्रॅक्चरं वाट बघत होती. मी घाईत होतो. म्हणालो, "सिस्टर, त्या बांगड्या फोडून टाका आणि पट्टी लावून घ्या."

सिस्टर ट्रे हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या.

मी साताऱ्याचा. आमच्या घरातही बांगडी कधी 'फुटत' नाही, ती 'वाढते'. हे मला शेंबड्या वयापासून माहीत. आणि मी हे बोललो कुणाच्या देखत, तर ज्या म्हातारीचा मुलगा सरहद्दीवर आहे तिच्या देखत. दोन वर्षांमागं लढाई होऊन गेलेली. माणमध्ये गावोगाव मरणाच्या तारा आलेल्या.

म्हातारीनं आवाज चढवला नाही. पोर कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं सुनेच्या दोन्ही हातांवर पदर टाकला. "ऊठ गं," म्हणाली. आणि दोघी निघून गेल्या. डिस्चार्ज नाही, काही नाही.

"जाऊ देत," मी म्हणालो. "तसंही काही झालेलं नाही तिला."

सिस्टर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला. "डॉक्टर, फौजीच्या बायकोला असं बोलतात? तुमच्या आईनं ऐकलं असतं तर? जा आधी, घेऊन या त्यांना."

गेलो. मनातून गेलो असं नाही, सिस्टरच्या नजरेपुढं उभं राहवेना म्हणून गेलो. वाटलं, आता या एसटी स्टँडकडे लागल्या असणार. पण त्या गेटपाशीच होत्या. आमच्या गेटबाहेर लिंबाखाली गोदामावशी कासारीण बांगड्यांचा पसारा मांडून बसायची. तिच्यापुढं शेवंता बसली होती. आपल्याकडं रीतच आहे ती. असं काही अभद्र कानावर पडलं की बाई तडक कासाराकडं जाते आणि दोन्ही हातांत एकेक नवी बांगडी भरून घेते. बोललेलं बाधू नये म्हणून. म्हातारीनं तेच केलं होतं.

मी झाडामागंच थबकलो. कारण समोर जे चाललं होतं ते माझ्या बुद्धीला पटेना.

कासारणीनं शेवंताचा उजवा हात धरला होता. तोच हात. ज्याला मी कापसाचा बोळा लावू शकत नव्हतो तो हात तिनं दोन्ही हातांनी गच्च धरला होता. तुम्ही बांगड्या भरताना पाहिलं असेल. पंजा मिटवतात, अंगठा तळव्यात दाबून धरतात, हाडं एकमेकांवर चढतील इतकी मूठ आवळतात आणि बांगडी वर सरकवतात. निरोगी बाईही तोंड वाकडं करते. आणि शेवंता शांत बसली होती. डोळे मिटून. खांदे खाली आलेले. सहा आठवड्यांत मी तिला अशी बसलेली पाहिली नव्हती.

माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट सांगायची मला अजून लाज वाटते. मला वाटलं, बघा, पकडलं हिला. माझ्याकडं नाटक आणि इथं काही नाही.

तेवढ्यात कासारीण आपणहून म्हणाली, "पोरी, तू डावरी हाईस का?"

"न्हाई वो मावशी. उजव्याच हातानं समदं."

"मग ह्यो हात असा का?"

तिनं शेवंताचा डावा हात धरला. तशीच मूठ आवळली. दोन-सहाच्या मापाची बांगडी अंगठ्याच्या बुडाशी येऊन अडली, तिथं जरा जोर लावून तिनं ती वर काढली. मग तिनं उजव्या हातातली नवी बांगडी खाली ओढली. त्याच मापाची. अंगठ्यापाशी जराही न अडता बांगडी सुळकन निघून तिच्या मुठीत आली. तिनं परत भरली, परत काढली, आणि शेवटी भरून ठेवली.

"चाळीस वर्सं झाली मला हात धरायला," ती म्हातारीला म्हणाली. "कामाचा हात कायम मोठा असतोय, आक्का. जातं वडणारीचा, मोट धरणारीचा, कुणाचाबी बघ. डाव्यात दोन-सहा बसली तर उजव्याला दोन-आठ काढावी लागती. आन ही खडी फोडती म्हनतीस. हिचा तर चांगलाच मोठा पायजे. हिचा उलटा कसा? हितलं मांस कुटं गेलं?"

आणि तिनं अंगठ्याच्या बुडाशी आपलं बोट ठेवलं.

मी झाडामागून पुढं आलो आणि तिथं धुळीतच बसलो. म्हातारीनं तोंड फिरवलं. मी तिकडं बघितलंच नाही. शेवंताला म्हटलं, दोन्ही तळवे वर करून शेजारी शेजारी धर. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी मांसाचा उंचवटा होता, तुमच्या-माझ्या हाताला असतो तसा. उजव्या हाताला त्या जागी खळगा होता. बोटानं दाबलं तर आतलं हाड लागत होतं. अंगठा आभाळाकडे उचल म्हटलं. डावा उचलला. उजवा थरथरत अर्ध्यावर आला आणि पडला.

दुखण्याचं सोंग आणता येतं. ओरडण्याचं येतं. लुळं पडल्याचंही येतं. पण अंगठ्याचं मांस आपल्या इच्छेनं आटवता येईल असा माणूस अजून जन्मायचाय. त्या स्नायूला चालवणारी नस महिनोन्महिने चेंगरली की तो असा वाळतो, आणि तोही नेमका तोच. बाईची नस आत मरत होती आणि मी बी-कॉम्प्लेक्स देत होतो. 

"मावशी," मी विचारलं, "तुम्ही हिला धरलंत तर ती ओरडली नाही. मी नुसता कापूस लावला तरी ओरडते. हे कसं?"

कासारणीनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनीही पाहिलं नव्हतं.

"आवं डागदर, दुखऱ्या हाताला हलक्या हातानं कदी धरत्यात व्हय? हलकं धरलं की हात बुजतोय. भाजलेल्या बाया येत्यात, बाळंतिणी येत्यात, नवऱ्यानं मारल्याल्या येत्यात. आदी सांगायचं, आता धरती म्हून. तिला बगू द्यायचं. मग समदा पंजा लावून गच्च धरायचं आन मदी सोडायचं न्हाई. धरून ऱ्हायलं की हात निवतोय. तुमी कापूस फिरवताय, ते मुंगी फिरल्यावानी हुतंय तिला."

चार ओळींत तिनं जे सांगितलं ते माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. मी नंतर शोधलं. म्हणजे त्या काळी माझ्या हाताशी असलेल्या पुस्तकांत तरी नव्हतंच.

मी म्हातारीकडे वळलो. "आक्का, माझं चुकलं. मी बोलायला नको होतं ते बोललो. आणि त्याच्या आधी सहा आठवडे माझं चुकतच होतं. हिला खरोखरचा रोग आहे. ऑपरेशन करावं लागेल. हात वाचवायचा असेल तर लवकर."

म्हातारीनं सुनेचा पदर नीट केला. मग म्हणाली, "माजा ल्योक तिकडं बर्फात हुबा हाय, डाक्टर. आमी हितं त्येच्या नावानं काकणं संबाळून बसतोय. तेवडंच आमच्या हातात हाय. तुमास्नी काय, तोंडाला आलं आन बोल्लं."

मी हात जोडले. ती उठली आणि परत वॉर्डाच्या दिशेनं चालू लागली. मी मागून.

चीफना बोलावलं. ते आले ते वैतागूनच. मी नुसतं शेवंताला दोन्ही तळवे शेजारी शेजारी धरायला सांगितलं. चीफनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाकून दोन्ही अंगठे पाहिले. मग आपल्या अंगठ्यानं तो खळगा दाबून पाहिला. कापसानं नाही.

"कुणी पाहिलं हे?"

"गेटवरच्या कासारणीनं, सर."

"आणि आपण?"

"सर, हातात बांगड्या होत्या, त्यामुळं..."

"महाराज," चीफ म्हणाले, "बांगड्या मनगटात होत्या. अंगठा मोकळाच होता."

त्यांनी केसपेपर मागवला, स्वतःच्या हातानं 'फंक्शनल' खोडलं आणि खाली सही केली. एवढा मोठा माणूस, पण खोडताना हात अडला नाही त्यांचा. ते मी अजून विसरलो नाही.

ऑपरेशन दोन दिवसांनी ठरलं. बांगड्या उतरवायला गोदामावशीला वॉर्डात बोलावलं. म्हातारीची अट होती, डाव्या हातातल्या हलवायच्या नाहीत आणि उजव्या हातातली एकही वाढता कामा नये. चीफ म्हणाले, डाव्याला आम्ही हातच लावत नाही. गोदामावशी कॉटवर मांडी घालून बसली. "धरती हं पोरी आता," म्हणाली, शेवंतानं मान हलवली, आणि तिनं हात धरला. त्या हातात तेरा बांगड्या होत्या. तेल नाही, साबण नाही. एकेक करून तेराही उतरल्या. एकीलाही चीर गेली नाही. तिनं त्या सुतळीत ओवून म्हातारीच्या ओटीत घातल्या. आम्ही सगळे वॉर्डात उभे राहून बघत होतो. चीफसुद्धा. हाडं सांधणारे सात-आठ जण आणि हात कसा धरावा हे बघून घेत होतो.

भूल दिली. चीफनी चाकू माझ्या हातात दिला. "तुमची चूक, तुम्हीच उघडा." ते समोर उभे राहिले.

तळव्याची कातडी, मग चरबी, मग ते छत. पांढरं, चामड्यासारखं चिवट. नसेला चाकू लागू नये म्हणून मी छताखालून एक सळई घातली आणि छत हळूहळू कापत गेलो. शेवटचा धागा तुटला तसा बोळ आपोआप उघडला. दोन कडा बाजूला सरकल्या. आणि खाली नस दिसली. बोळाच्या अलीकडे आणि पलीकडे ती चांगली भरलेली होती. मधे मात्र बोटभर लांबीत चपटी, फिकट, निर्जीव. कुणी चिमटीत धरून ठेवल्यासारखी. मी बघत राहिलो. त्या दोऱ्याएवढ्या वस्तूत तिचा तांब्या होता, परात होती, पोर होतं. चार-पाच मिनिटं गेली असतील. त्या फिकट भागावर बारीक लाल रेषा उमटायला लागल्या. रक्त परत येत होतं. आमच्या डोळ्यांदेखत.

"बघून घ्या," चीफ हळूच म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

तिसऱ्या रात्री शेवंता सलग झोपली. सकाळी सिस्टरनी मला राऊंडच्या आधीच गाठून ते सांगितलं. मुंग्या गेल्या होत्या. आठ दिवसांत बोटांना टाचणी कळायला लागली. मी हवेत.

पण कापूस तसाच होता. टाके काढले तरी तसाच. दंडाला पदर लागला की आग. खांदा दुखतो, मान दुखते. नस मोकळी झाली, आणि दुखणं अर्धं गेलं, अर्धं राहिलंच. मी परत पुस्तकं काढली. उत्तर नाही. चीफ म्हणाले, "आता मला विचारू नका, मलाही माहीत नाही." हे वाक्यसुद्धा मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

आज त्याला नाव आहे. फार दिवस दुखत राहिलं की दुखण्याची खबर नेणारी यंत्रणाच हळवी होते. पाठीच्या कण्यातली, डोक्यातली. घरात चोर शिरला म्हणून कुत्रं भुंकायला लागतं. चोर निघून गेला तरी कुत्रं भुंकतच राहतं, पान हललं तरी भुंकतं. दुखणं खरंच असतं. माणूस खोटं बोलत नसतो. त्याचा नकाशा मोठा झालेला असतो, एवढंच. पण हे मला कळायला पुढची वीसेक वर्षं जावी लागली. त्या वेळी मला एकच माणूस ठाऊक होतं, जिला या हाताला धरता येत होतं. मी गेटवर गेलो.

गोदामावशी म्हणाली, "रोज दुपारच्याला येती मी. गिऱ्हाइक नसतंयच उनाचं."

ती रोज यायची. आधी सांगायची, मग धरायची. मनगटापासून खांद्यापर्यंत सगळा हात, पंजा लावून, सावकाश, दाबून. तेवढा वेळ शेवंताशी गप्पा. माहेर कुठलं, म्हशी किती होत्या, नवऱ्याचं पत्र कवा आलं. मग तिनं आमच्या स्वयंपाकघरातून लाल मिलोचं घमेलं मागवलं. त्या वर्षी रेशनवर तीच ज्वारी होती, कुणाला गिळवत नसे. "हिला खायाला नगं, हात घालायला पायजे," म्हणाली. शेवंतानं त्या दाण्यांत हात खुपसून बसायचं. पहिल्या दिवशी बोटंच. मग मनगटापर्यंत. मग आत हात फिरवायचा. रडायची, पण काढायची नाही. पुढं पुढं कोपरापर्यंत हात घालून बसायची आणि तोंडानं गोदामावशीशी भांडत असायची. मी रोज बाजूला उभा राहून बघायचो. हळूहळू मलाही धरू द्यायला लागली. पहिल्यांदा मी "धरतो हं आता" म्हणालो तेव्हा सिस्टर गालात हसल्या.

महिनाभरानं मी कापूस लावला. शेवंतानं हाताकडं पाहिलं. "गुदगुल्या हुत्यात," म्हणाली.

त्या संध्याकाळी मी वॉर्डात होतो. पोर किरकिरत होतं. म्हातारीनं त्याला कडेवरून काढलं, जरा थांबली, आणि शेवंतापुढं केलं. शेवंतानं लगेच घेतलं नाही. आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. मग पोराच्या काखेखाली हात घातले आणि उचललं. म्हातारीचे हात खाली तसेच पसरलेले होते, झेलायला. बराच वेळ. मग तिनं ते मागं घेतले आणि पदरानं डोळे पुसले. "शिराळ्याला पत्तर धाडा, डाक्टर," मला म्हणाली. "पोरगं येत न्हाई म्हनावं."

पत्र मी लिहिलं. माझ्या वैद्यकीय आयुष्यातलं सगळ्यांत छोटं पत्र ते.

शेवंता सहा महिन्यांनी परत तपासायला आली. पोर उजव्या कडेवर. दुखणं नव्हतं, मुंग्या नव्हत्या. खांद्याची कुरबुर थंडीत होते म्हणाली, तेवढंच. मी दोन्ही तळवे शेजारी ठेवायला सांगितले. अंगठ्यात जोर बराच आला होता, पण मांस पुरतं भरलं नव्हतं. खळगा होताच. वाळलेला स्नायू किती परत येईल हे नस किती दिवस चेंगरली होती त्यावर ठरतं.

मी तिला खरं सांगितलं. म्हणालो, हा खळगा आता असाच राहील. सुरुवातीलाच मी ओळखलं असतं तर कदाचित एवढा राहिला नसता.

ती हसली. "ऱ्हाऊ दे की. लेकरू धरतंय न्हवं."

ती मोठ्या मनाची, म्हणून तिचं भागलं. मी पुढं तीस-बत्तीस वर्षं हात तपासले. दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय एकही केस सोडली नाही. शिकाऊ डॉक्टरांनाही तेच शिकवलं: आधी सांगा, मग पूर्ण पंजा लावून धरा, आणि दुखणं नकाशात बसलं नाही तर नकाशावर शंका घ्या, बाईवर नाही. ते वहीत लिहून घ्यायचे. मला लिहून घ्यावं लागलं नाही. माझे सहा आठवडे शेवंताच्या उजव्या अंगठ्यात कायमचे राहिले.